पाच मुलं, हजार रुपये

प्रश्न : दिवाळीत माझी दोन आणि नणंदेची तीन मुलं एकत्र असतात. भेटींसाठी ₹१,००० च आहेत. काय घ्यावं?

उत्तर : ताई, पाचांना मिळून एक किल्ला द्या. लाल माती, जुनं पोतं, विटांचे तुकडे आणि मूठभर हळीव. ओल्या मातीवर आठवडाभर आधी हळीव भुरभुरलं, रोज हलकं पाणी शिंपडलं, की अभ्यंगस्नानाच्या दिवशी डोंगर हिरवागार! मावळे मात्र मुलांनाच निवडू द्या, बाजारात नेऊन. महाराज कोण घेणार यावरून भांडतील, भांडू द्या. वाचणाऱ्यांसाठी ‘किशोर’चा दिवाळी अंक घ्या. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं. बॅटरीची स्वस्त खेळणी नकोतच, भाऊबीजेआधी मोडतात. उरलेल्या पैशांत रंगपेट्या येतील. पणत्या रंगवायला लागतीलच.