बिघडलंय कोण, ते आधी विचार

प्रिंट वाकला, चिकट राहिला किंवा हातात तुटला, की नवी मुलं लगेच फोटोइनिशिएटर वाढवतात. तू तसं करू नकोस गं. ॲक्रिलेट आणि ईपॉक्सी एकत्र घालून केलेल्या हायब्रिड रेझिनमध्ये एकाच व्हॅटमध्ये दोन निराळ्या अभिक्रिया चालतात आणि दोघींची दुखणी वेगळी असतात. ॲक्रिलेटला हवेतला ऑक्सिजन नडतो. ईपॉक्सीला ऑक्सिजनचं सोयरसुतक नाही. तिला नडतं पाणी आणि अल्कली. म्हणून काहीही वाढवण्यापूर्वी दोघींपैकी बिघडलंय कोण, ते शोध.

ही जोडी जमवावी का लागली, तेही ऐकून ठेव. चक हल यांनी १९८४ मध्ये स्टिरिओलिथोग्राफीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९८६ मध्ये ते मिळालं. सुरुवातीची रेझिन्स ॲक्रिलेटची होती. झटकन घट्ट व्हायची, पण तितकीच आकसायची. प्रत्येक नवा थर खालच्या थराला ओढायचा आणि कोपरे वर उचलले जायचे. ईपॉक्सीची कडी उघडून रेणू जोडले जातात, त्यामुळे ती कमी आकसते. पण तिचं काम सावकाश. जेम्स क्रिव्हेलो यांनी १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना आयोडोनियम आणि सल्फोनियम क्षार प्रकाशात तीव्र आम्ल सोडतात आणि त्या आम्लाने ईपॉक्सी घट्ट होते, हे दाखवलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही एका व्हॅटमध्ये आली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे राहतात. ॲक्रिलेट आकार धरून ठेवतं, ईपॉक्सी मागाहून ताकद देते.

आता त्या आम्लाला जप. फॉर्म्युल्यात कुठेही अमाइन दिसलं की थांब. निव्वळ ॲक्रिलेटच्या रेझिनमध्ये अमाइनचा उपयोग होतो, इथे ते आम्ल गिळून बसतं. चिवटपणासाठी युरेथेन ॲक्रिलेट घालायचा मोह होईल. पण युरेथेनचा गटही ईपॉक्सीची गती मारतो, म्हणून घालायचंच तर थोडं घालून आधी तपास. चिवटपणा हवा असेल तर मी पॉलिऑलकडे वळेन, तेही बेताने. जास्त झालं की वस्तू उन्हात मऊ पडते. स्वस्त पडतं म्हणून कुणी खडूची पूड भरायला सांगेल. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे अल्कलीच, साफ नाही म्हण. सिलिका चालते, ओव्हनमध्ये सुकवून घेतलेली. आणि कॉस्टिकने धुतलेल्या बीकरमध्ये हे रेझिन बनवायचं असेल, तर बीकर साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळून, सुकवून घे.

अल्कलीचं झालं, आता पाणी. पावसाळ्यात अंबरनाथ-तारापूरच्या पट्ट्यात बसून हे काम करणाऱ्याने बॅचशीटवर तापमानाशेजारी आर्द्रतेचा रकाना ठेवायलाच हवा. एप्रिलमध्ये उत्तम चाललेला फॉर्म्युला जुलैत मंदावला, तर दोष फॉर्म्युल्याचा नसतो. डबा उघडा राहिलेला असतो.

प्रकाशाचं नीट समजून घे, कारण सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो. मोठ्या लेसर यंत्रांत ३५५ नॅनोमीटरचा प्रकाश असतो, बाजारातल्या स्वस्त एलसीडी प्रिंटरमध्ये ४०५. सल्फोनियम क्षाराला ४०५ जवळजवळ दिसतच नाही. मग होतं काय? ॲक्रिलेटचा इनिशिएटर ४०५ ला काम करतो, प्रिंट देखणा निघतो, सगळे खूश. आतली ईपॉक्सी मात्र तशीच द्रव. वस्तू रबरासारखी वाकते, दोन दिवसांनी अंगावर तेलकट घाम येतो. अशा वेळी आयोडोनियम क्षार घे आणि सोबत आयटीएक्स किंवा डायब्युटॉक्सिअँथ्रासीनसारखा सेन्सिटायझर. खात्री करायची तर तुकडा वजन करून ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेव, सुकव, पुन्हा वजन कर. जितकं घटलं तितकं जोडलंच गेलं नव्हतं. एफटीआयआर हाताशी असेल तर अजून सोपं: ईपॉक्सीसाठी ७९० सेंमी⁻¹ च्या आसपास बघ, ॲक्रिलेटचं ८१० त्याला खेटून असतं, म्हणून ॲक्रिलेट १६३५ ला मोज.

हे क्षार पुष्कळदा प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये विरघळवून विकतात, निम्मा क्षार आणि निम्मा द्रावक. लेबल वाचूनच हिशेब कर. चार टक्के घातलं म्हणजे क्षार दोनच टक्के गेला. उरलेला द्रावक वस्तूत राहून तिला मऊ करतो.

एक्स्पोजरचा अंदाज डोळ्याने बांधू नकोस. काचेवर रेझिन घे, ठिपक्याठिपक्याला वेगळा वेळ प्रकाश दे, पुसून मायक्रोमीटरने जाडी मोज आणि ती प्रकाशमात्रेच्या लॉगसमोर मांड. सरळ रेष येते. तिचा चढ म्हणजे प्रकाश किती खोल जातो ते, आणि ती शून्य जाडीला छेदते तिथे घट्ट होण्याची किमान मात्रा. हायब्रिडमध्ये एक गोम आहे. दिवा बंद झाल्यावरही ईपॉक्सी जोडली जात राहते, त्यामुळे आत्ता मोजलेली जाडी आणि तासाभराने मोजलेली जाडी जुळत नाही. मोजायची वेळ ठरवून घे आणि ती पाळ. ताकदीची चाचणी तर प्रिंटच्या दिवशी करूच नकोस. दुसऱ्या दिवशी कर, आणि मधे ६० ते ८० अंशांवर ओव्हनमध्ये काही तास ठेव. ईपॉक्सीला वाढीव प्रकाशापेक्षा ऊब जास्त मानवते. आयपीएमध्ये धुणं झटपट आटप; अल्कोहोलही ईपॉक्सीच्या साखळीत हात घालतं.

बाटल्या काठोकाठ भरू नकोस. ॲक्रिलेटमधला एमईएचक्यू हा इनहिबिटर ऑक्सिजन असेल तरच राखण करतो, म्हणून वर हवेची जागा हवी. नायट्रोजन भरून शहाणपणा करायला जाशील तर बाटलीतच घट्ट होईल. व्हॅक्यूमही बुडबुड्यांपुरतंच.

नायट्राइल हातमोजे घाल, आणि आयपीए सांडलं की लगेच बदल, कारण ते मोनोमरला मोज्यातून आत नेतं. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते. चांगली माणसं त्यापायी हे काम सोडून गेली आहेत. उरलेलं रेझिन घट्ट करायला उन्हात ठेवशील तेव्हा डब्यात ठेवू नकोस. खोल भांड्यात ईपॉक्सीची उष्णता कोंडते आणि धूर निघतो. पसरट ट्रेमध्ये पातळ थर दे. व्हॅटमधलं गाळलेलं रेझिन मूळ बाटलीत परत ओतायचं नाही. वेगळी बाटली घे, तपकिरी, वर तारीख टाक.