गुह्यांगावरील पुळ्या: निरुपद्रवी कोणत्या, सांसर्गिक कोणत्या?

या सदराकडे जी निनावी पत्रे येतात, त्यांपैकी पुष्कळांत हकीकत एकच असते: स्नानाच्या वेळी जननेंद्रियाच्या त्वचेवर बारीक उंचवटे दृष्टीस पडले, तेव्हापासून झोप उडाली, घरात कोणाजवळ बोलण्याची सोय नाही आणि दवाखान्याची पायरी चढण्याचे धैर्य होत नाही. या भीतीपोटी कोणी भिंतींवरील जाहिराती वाचून गुप्तरोगाच्या नावाने चालणाऱ्या दुकानांत पैसा घालवितो, तर कोणी खरा रोग असूनही लज्जेने तो दडवून ठेवतो; आणि दोन्ही परी हानी रोग्याचीच होते. म्हणून या विषयाची माहिती, इतर कोणत्याही अवयवाविषयी द्यावी तितक्याच मोकळेपणाने, येथे देतो.

प्रथम निरुपद्रवी प्रकार पाहू. शिश्नमुंडाच्या कडेभोवती एकदोन ओळींत, एक ते तीन मिलिमीटर उंचीचे, एकसारखे व त्वचेच्याच रंगाचे जे कण दिसतात, ते बहुधा तारुण्याच्या आरंभी उत्पन्न होतात, वर्षानुवर्षे आहेत तसेच राहतात आणि वयपरत्वे पुष्कळदा कमी होतात; समागमाशी किंवा अस्वच्छतेशी त्यांचा काडीमात्र संबंध नसतो. स्त्रियांच्या योनिमुखाशी दोन्ही बाजूंस सारखेच असे मऊ अंकुर असू शकतात, आणि त्यांतील प्रत्येक अंकुर बुडाशी स्वतंत्र असतो. पिवळसर पांढरे ठिपके, जे त्वचा ताणली असता अधिक स्पष्ट होतात, ते म्हणजे केसाविना असलेल्या तैलग्रंथी होत. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जॉन अॅडिसन फोर्डाइस यांनी १८९६ साली त्यांचे वर्णन केले, आणि तसलेच ठिपके अनेकांच्या ओठांवरही आढळतात. या तिन्ही प्रकारांना औषधाची गरज नाही. केस काढल्यानंतर केसाच्या मुळाशी येणारी दुखरी पुळी मात्र निराळी. काही दिवस वस्तरा दूर ठेवून कोमट पाण्याने शेकले असता ती बहुधा बसते.

आता सांसर्गिक प्रकार. विषाणुजन्य चामखिळी संसर्गानंतर काही आठवड्यांनी अथवा महिन्यांनी उगवतात, आकाराने ओबडधोबड असतात, बुडाशी एकमेकींत मिसळतात आणि वाढत जाऊन फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसू लागतात. नागिणीच्या कुळातील हर्पीसमध्ये आधी चुणचुण किंवा आग होते, मग बारीक फोडांचा पुंजका उठतो, तो फुटून वेदनादायक क्षते पडतात आणि काही काळाने हाच क्रम पुन्हा घडू शकतो. घुमटाकार, गुळगुळीत आणि मध्यभागी खळगा असलेली पुळी मोलस्कम या विषाणूची असते. ती लहान मुलांतही साध्या स्पर्शाने पसरते. रात्री बळावणारी खाज असेल आणि घरातील इतरांनाही ती असेल, तर खरजेची शक्यता मोठी.

परंतु या सर्वांहून अधिक सावध करावयाचे ते उपदंशाविषयी, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात. संसर्गानंतर दहा ते नव्वद दिवसांत, सरासरीने तीन आठवड्यांनी, टणक कडांचा आणि बहुधा एकच व्रण उठतो. तो दुखत नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत इलाजावाचून भरूनही येतो. रोगी निश्चिंत होतो, आणि रोग रक्तात राहून पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उमटवितो व कालांतराने मेंदू आणि हृदयापर्यंत पोहोचतो. वेदना नाही म्हणजे रोग नाही, असा समज येथे घातक ठरतो. उलट वेळेवर निदान झाले, तर पेनिसिलिनने हा रोग पूर्ण बरा होतो.

तेव्हा खूण अशी धरावी: जे जुने, एकसारखे आणि न बदलणारे, ते बहुधा निरुपद्रवी, जे नवे, वाढणारे, फुटणारे, व्रण पडणारे, अथवा स्राव, ताप किंवा जांघेतील गाठींसह येणारे, ते डॉक्टरांना आठवड्याच्या आत दाखवावे. मात्र अंतिम फैसला डोळ्यांनी घरच्या घरी करू नये. पुळ्या फोडू नयेत, चामखिळींवर चुना किंवा आम्ल लावू नये, आणि दुकानातून परभारे आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे तर मुळीच लावू नयेत, कारण त्यांनी रोगाचे स्वरूप झाकले जाते. उपदंशाची रक्ततपासणी पहिल्या काही आठवड्यांत निर्दोष येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतर ती पुन्हा करावी.

अनेक सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी व औषधे मोफत मिळतात, गुप्तता पाळली जाते, आणि १०९७ या क्रमांकावर सल्लाही विनामूल्य मिळतो. संसर्ग ठरल्यास जोडीदाराचीही तपासणी अवश्य करावी. परंतु चामखिळींचा किंवा हर्पीसचा विषाणू शरीरात दीर्घकाळ सुप्त राहू शकतो, म्हणून आज उठलेल्या पुळीवरून जोडीदाराच्या निष्ठेचा निवाडा कोणी करू नये. ज्यांच्या घरी वयात येणाऱ्या मुली व मुलगे आहेत, त्यांनी चामखिळी व गर्भाशयमुखाचा कर्करोग या दोहोंपासून संरक्षण देणाऱ्या लसीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तशी एक लस आता पुण्यातच तयार होते.