परीक्षेची दुसरी वारी

‘वारी’ हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी हटकून भेटतो. एक पंढरपूरच्या वाटेवर आणि दुसरा दहावी-बारावीच्या निकालानंतर. ‘त्याची तिसरी वारी चाललीय’ असे चाळीत कोणी म्हटले की ऐकणाऱ्याला खुलासा लागत नाही. या बोलण्यात थट्टा असते. पण एकदा न पोचलेल्याला पुन्हा निघता येते, हेही त्यात गृहीत असते. परीक्षा पुन्हा देणे आणि हाती आलेले गुण घेऊन कॉलेजच्या दारात उभे राहणे, या दोन गोष्टी आपल्या मुंबईत कशा बदलत गेल्या आणि त्यांचा लाभ प्रत्यक्षात कोणाला घेता येतो, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली विद्यापीठाने पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याचा दाखला, अशी आपली समजूत असते. मुळात ती विद्यापीठाच्या पटावर नाव चढवण्याची, म्हणजे प्रवेशाची परीक्षा होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. १८६२ साली विद्यापीठाचे जे पहिले चार बी. ए. झाले, त्यांतही हे दोघे होते. पुढे १९०७ साली बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत राहत होते. त्यांच्या सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. मॅट्रिक झाल्याबद्दल सभा! ते दार किती उंच होते, हे यावरून ध्यानात यावे.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने घेतली आणि १९७५ साली दहा वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. मार्चमध्ये राहिलेल्यांसाठी ऑक्टोबर असे. गिरणगावात या ऑक्टोबरला फार मोठा अर्थ होता. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. परळ-लालबागच्या रात्रशाळांतून पाळी सांभाळून शिकणारी पिढी तयार झाली. माझे आजोबा त्यांतले. साचेखात्यात बदली कामगार म्हणून उभे राहायचे, संध्याकाळी रात्रशाळा, आणि तिसऱ्या खेपेस ते एस. एस. सी. झाले. त्या काळी त्यांना कोणी हिणवले नाही, कारण खोलीतल्या निम्म्या गाळेकऱ्यांची हीच कथा होती.

माझ्या वडिलांचे मात्र निराळे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा ते शाळेत होते. १९८८ साली दहावीला ते गणितात राहिले. ऑक्टोबरची परीक्षा होती, फॉर्मची तारीखही होती. पण घरात पगार नव्हता. ते एका छापखान्यात कामाला लागले आणि तो फॉर्म भरायचा राहून गेला. आजोबांना तीन संधी घेता आल्या आणि वडिलांना दुसरीही घेता आली नाही. नियम दोघांना सारखाच होता. तेव्हा पुन्हा परीक्षा देण्याचा हक्क कागदावर असणे आणि तो घरात परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आता आजच्या वाटा पाहू. २०१५ पासून दहावीची ऑक्टोबरची परीक्षा अलीकडे आली आणि निकालानंतर लगेचच पुरवणी परीक्षा होऊ लागली. त्यामुळे वर्ष वाचते. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीला बसता येते. शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षा देता येते. उत्तीर्ण झालेल्याला गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजना आहे. तीत सर्व विषय पुन्हा द्यावे लागतात आणि २०२५ च्या नियमाप्रमाणे लगतच्या तीन संधी मिळतात. अभियांत्रिकीच्या जेईई मेनची परीक्षा २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते व त्यांतला चांगला निकाल धरला जातो.

येथे पर्सेंटाइल ही भानगड येते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. समजा, एका सत्रात ४०,००० विद्यार्थी बसले आणि तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण ३६,००० जणांना मिळाले, तर तुमचे पर्सेंटाइल ९०. मग प्रत्यक्ष गुण शंभरात पंचावन्न का असेनात. दोन सत्रांच्या प्रश्नपत्रिका सारख्या अवघड नसतात, म्हणून गुणांऐवजी क्रम मोजायचा, एवढेच त्यामागचे तत्त्व. ते न कळल्याने नव्वदच्या आनंदात पेढे वाटणारी आणि नंतर यादीत नाव न दिसल्याने हबकणारी घरे मी पाहिली आहेत.

गुण मिळाले तरी ते कॉलेजपर्यंत पोचवावे लागतात. पूर्वी त्यासाठी पायपीट असे. विल्सन, कीर्ती, एम. डी. असे एकेक कॉलेज गाठायचे, रांगेत उभे राहून फॉर्म घ्यायचा, मग पहिली यादी, दुसरी यादी. २००९ पासून मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आणि २०२५ साली ते राज्यभर तसे झाले. पायपीट संपली, वशिल्याला आळा बसला, हे चांगलेच झाले. परंतु त्या रांगेत एक शिक्षण होते. पुढचा मुलगा सांगे, ‘अरे, जातीचा दाखला जोड’. मागची बाई सांगे, ‘तिसऱ्या यादीपर्यंत थांबा.’ मोबाइलचा पडदा असे काही सांगत नाही. पसंतीक्रमात दहा कॉलेजे भरता येतात, पण पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. ज्याच्या घरी कोणी कॉलेज पाहिलेले नाही, त्याला हे कोण समजावणार? पुरवणीतून आलेल्यांची पाळी तर उशिरा येते, तोवर मागणी असलेल्या कॉलेजांच्या बहुतेक जागा भरलेल्या असतात.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत एसएटी नावाची परीक्षा पुन्हा पुन्हा देता येते आणि कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे अनेक कॉलेजांच्या बाबतीत विद्यार्थीच ठरवतो. मात्र गरीब विद्यार्थ्यांना ती दोनदा फी न भरता देता येते. संधी दुसरी असेल तर तिचा खर्चही कोणीतरी उचलला पाहिजे, हा विचार त्यात आहे आणि तो घेण्याजोगा आहे.

तात्पर्य, दुसऱ्या वारीला तीन गोष्टी लागतात : फीचे पैसे, अभ्यासापुरता वेळ आणि नियमांची माहिती. पहिल्या दोन देणे आपल्या हातात फारसे नाही. तिसरी मात्र आपल्यापाशी आहे. या वर्षी आमच्या चाळीतल्या तीन मुलांचे पसंतीक्रम मी शेजारी बसून भरून घेतले. त्यांतला एक पुरवणी देऊन आलेला होता. प्रत्येकाला तासभर लागला, अधिक काही नाही. आपल्या कॉलेजातील द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी निकालानंतरचे पंधरा दिवस प्रवेशद्वाराशी एक टेबल मांडले आणि प्राध्यापकांनी संध्याकाळी तासभर तेथे बसण्याचे मनावर घेतले, तर रांगेत मिळणारे ते शिक्षण परत आणता येईल. प्राचार्यांनी व विद्यार्थी प्रतिनिधींनी या सूचनेचा जरूर विचार करावा. पहिल्या टेबलावर बसायला माझे नाव लिहून घ्यावे.