फोन उचलणाऱ्याला भाडे का?

बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकातील कारखान्यावर गेला, की घरून आलेला फोन उचलण्याचेही त्याला पैसे पडत. मे २०१५ पासून मिनिटाला जास्तीत जास्त ४५ पैसे. असे का? फोन प्रथम मूळ महाराष्ट्र सर्कलमध्ये येई. तेथील नोंदीत त्याचा ठावठिकाणा पाहून तो पुढे धाडला जाई. या दुसऱ्या टप्प्याचे भाडे उचलणाऱ्याच्या माथी! देशात हा आकार आता राहिला नाही, परदेशात आहे. तो टाळायचा, तर फोन मायदेशातच इंटरनेटवरील क्रमांकाकडे वळवावा. तेथे आवाजाचे सेकंदाला साधारण ८,००० नमुने घेऊन लहान लहान पुडक्यांनी पाठवतात. मात्र ‘न उचलल्यास वळवा’ अशी सूचना उपयोगाची नाही. घंटा वाजते तेव्हा फोन परदेशी पोचलेला असतो, मग तेथून माघारी फिरतो. दोन्ही फेऱ्यांचे भाडे बसू शकते. ‘सर्व कॉल वळवा’ हीच सूचना हवी.