कोरोनरी फिस्टुला : मूल खेळते आहे, तरी उपचार हवेत?

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. छाती तपासताना वेगळा आवाज आला म्हणून टूडी इको केली. ‘कोरोनरी फिस्टुला’ निघाला. कॅथेटरने तो बंद करावा, असे डॉक्टर म्हणतात. तिला काहीच त्रास नाही. मग उपचार खरंच हवेत का?

उत्तर : हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी जन्मतःच हृदयाच्या एखाद्या कप्प्यात किंवा फुप्फुसाच्या धमनीत थेट उघडते, तो फिस्टुला. लहान असेल तर लक्ष ठेवणे पुरते. काही आपोआप मिटतातही. मोठा असेल तर मात्र त्रास नसतानाही बंद करणे हिताचे. स्नायूच्या वाट्याचे रक्त दुसरीकडे वळते, धमनी फुगत जाते आणि हृदयावरचा भार वाढतो.

भूल देऊन जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी आत नेतात, अँजिओग्राफीत मार्ग पाहतात आणि कॉइल किंवा प्लग बसवतात. त्याने स्नायूकडे जाणारी एखादी फांदी अडणार नाही ना, याची आधी खात्री करतात. मार्ग फार वळणदार किंवा तोंडे अनेक असतील, तर शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते.

नंतर फुगलेल्या धमनीत गुठळी होऊ नये म्हणून औषध देतात. ते स्वतःच्या मनाने थांबवू नका, पुढच्या तपासण्याही चुकवू नका.

फिस्टुला किती मोठा आहे, कुठे उघडतो, हृदय वाढले आहे का, हे बालहृदयरोगतज्ज्ञांना विचारा. खर्चाची चिंता असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला भेटा. जन्मजात हृदयविकार त्यात येतात.