लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे कवच व त्याची जनुके

“लस टोचली होती, तरी बैलास लाळ्या-खुरकूत झालाच, मग लसीचा उपयोग काय?” असा प्रश्न ग्रामसेवकांना गावोगावी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. लस थंड न ठेवणे, पुढची मात्रा चुकविणे ही कारणे असतातच; परंतु एक कारण विषाणूच्या कवचातही असते.

हा विषाणू म्हणजे आर.एन.ए.चा एकच धागा होय. त्यावर सुमारे ८,४०० अक्षरे असतात. भोवतीचे कवच चार प्रथिनांचे असून प्रत्येक प्रथिनाच्या ६० प्रती त्यात बसविलेल्या असतात. या चारही प्रथिनांची जनुके धाग्यावर एकमेकांस लागून आहेत. त्यांपासून प्रथम एक अखंड लांब प्रथिन बनते व मग त्याचे तुकडे पडतात. व्ही.पी.-४ हे कवचाच्या आतल्या अंगास दडलेले असते, व्ही.पी.-१ मात्र बाहेर डोकावते. जनावराचे रक्त शत्रूस ओळखते ते मुख्यतः यावरूनच, आणि नेमके हेच जनुक फार बदलते.

भारतात ओ, ए व एशिया-१ असे तीन प्रकार आढळत आले आहेत. ‘सी’ प्रकार येथे १९९५ नंतर व जगात २००४ नंतर सापडलेला नाही. ओ प्रकाराविरुद्धची शक्ती ए प्रकारापुढे निरुपयोगी ठरते. एकाच प्रकारातही कवच इतके बदलू शकते की जुनी लस अपुरी पडावी. म्हणून प्रयोगशाळेत आर.एन.ए.वरून डी.एन.ए. बनवून व्ही.पी.-१ च्या जनुकाच्या असंख्य प्रती काढतात, त्याची अक्षरे वाचतात आणि पूर्वीच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. साथ कोणत्या वाणाची, याचा उलगडा त्यावरून होतो.

शुद्ध केलेल्या लसीत बहुतांशी कवचाचीच प्रथिने असतात. धाग्याच्या उरलेल्या भागातील प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये रक्तात आढळली, तर जनावरास खरा संसर्ग होऊन गेला असे सहसा समजतात.

हे सारे नमुन्यावर अवलंबून आहे. तोंडात फोड दिसताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. तुरटीच्या पाण्याने तोंड धुण्याची घाई त्यापूर्वी करू नये. हा विषाणू आम्लात लवकर नष्ट होतो. ताज्या फोडाची सुमारे एक ग्रॅम कातडी ग्लिसरीन व फॉस्फेटच्या द्रावणात घालून बर्फात पाठवितात. शेवटची लस कोणत्या तारखेस टोचली, ती चिठ्ठी सोबत असावी. पुष्कळदा तीच राहून जाते.