बाणवाले फोल्डर

जून उजाडला की आमच्या डीटीपीच्या दुकानात पेनड्राइव्हची रांग लागते. एकाचा काढायचा, दुसऱ्याचा लावायचा. 2014 सालच्या अशाच गर्दीत एका शाळेचे सर स्मरणिकेचा मजकूर घेऊन आले. पेनड्राइव्ह उघडला, तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटासा बाण. क्लिक केलं की आतल्या फाइली दिसत होत्या, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. खाली अँटिव्हायरसची हिरवी खूण होतीच. पैसे मोजून घेतलेला, रोज अपडेट होणारा.

तीन दिवसांनी सर परत आले. "अहो, घरी एकही फोल्डर उघडत नाही. स्क्रिप्ट सापडत नाही म्हणतो." मी पूर्ण स्कॅन लावला. दोन तासांनी निकाल आला : धोके शून्य. मग मी छातीठोकपणे सांगितलं, "सर, पेनड्राइव्ह खराब झालाय." आणि त्यांच्यासमोर फॉरमॅट मारला. वर त्याच पेनड्राइव्हवर स्मरणिकेची पीडीएफही टाकून दिली.

आठ जीबीपैकी सहा जीबी भरलेले होते आणि दिसणारे सगळे फोल्डर मिळून पंचवीस केबीसुद्धा होत नव्हते. एवढा साधा हिशेब मी केला नाही. सरांचे खरे फोल्डर जागच्या जागीच होते, फक्त लपवलेले. दिसत होते ते त्यांच्या नावाचे शॉर्टकट. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालायची आणि मग खरा फोल्डर उघडायचा, म्हणजे कुणाला शंका यायला नको. घरच्या अँटिव्हायरसने स्क्रिप्ट तेवढी उडवली आणि शॉर्टकट लंगडे पडले. डेटा घालवला तो व्हायरसने नाही, मी.

माझ्या अँटिव्हायरसला ते का दिसलं नाही, हे नंतर उमगलं. हा व्हायरस म्हणजे नोटपॅडमध्ये वाचता येईल अशी व्हीबीस्क्रिप्ट. ओळखीच्या खुणांवर चोर पकडायचे, तर मजकुरातली चार नावं बदलली की चोर अनोळखी होतो. शिवाय ती चालवणारा डब्ल्यूस्क्रिप्ट हा विंडोजचा स्वतःचाच प्रोग्रॅम. त्याला कोण अडवणार? याच जातीच्या जेनक्सकस नावाच्या व्हायरसवर मायक्रोसॉफ्टने त्याच जूनच्या अखेरीस कोर्टामार्फत कारवाई केली होती. तो नुसता फोल्डर लपवत नसे, बाहेरच्या माणसाला मशीनचा ताबाही देत असे.

आता अशी शंका आली की मी पहिल्यांदा नेटची वायर काढतो. आधी मशीन, मग पेनड्राइव्ह. उलटं केलं तर साफ केलेला पेनड्राइव्ह डोळ्यांदेखत पुन्हा बाणांनी भरतो. मी दोनदा करून पाहिलंय. टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट चालू दिसला तर बंद करायचा, मग स्टार्टअपच्या यादीत अनोळखी नाव शोधायचं. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स फुकट मिळतं, ते ही यादी जास्त खोलात दाखवतं. विंडोजमधला डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅनही लावावा. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, त्यामुळे व्हायरसला लपायला वाव कमी. लपलेले फोल्डर अ‍ॅट्रिब कमांडने परत दिसतात. संशयित फाइल व्हायरसटोटलवर टाकली तर अनेक अँटिव्हायरसांचं मत एकदम कळतं. मात्र गिऱ्हाइकाचा आधार किंवा सातबारा तिथे टाकू नका, ती फाइल इतरांच्याही हाती लागू शकते. एवढं करूनही मन खात असेल तर विंडोज नव्याने टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी 1930 ला फोन, साफसफाई नंतर.

दुकानात आता एक जुनं मशीन उबंटू टाकून वेगळं ठेवलंय, नेटशिवाय. बाहेरचा पेनड्राइव्ह पहिल्यांदा तिथेच लागतो. तिथे विंडोजची स्क्रिप्ट चालत नाही आणि लपवलेले फोल्डरही उघडे दिसतात. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण दोन मिनिटांचं काम आहे.

रिकव्हरी सॉफ्टवेअरने सरांचे काही फोटो परत आणले, तेही नावं-तारखा गेलेले. माझी पीडीएफ ज्या जागेवर बसली, तिथले आलेच नाहीत. सर अजूनही दुकानात येतात. पेनड्राइव्ह मात्र माझ्या हातात देत नाहीत, स्वतः लावतात.